वाचकांचे प्रश्न : फुटलेली काच, फाटलेली सीट आणि प्रवाशांची सुरक्षितता

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लोकलच्या आणि एसटीच्या प्रवासाविषयी आहेत. कोणी धावत्या गाडीवर येणाऱ्या दगडांबद्दल लिहिले आहे, कोणी हातातून उडवलेल्या मोबाइलबद्दल, तर कोणी ब्लेडने फाडलेल्या सीटबद्दल. वरवर हे विषय निरनिराळे दिसतात. मी स्वतः कल्याण ते मस्जिद असा एकोणतीस वर्षे रोज प्रवास केला आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ज्या डब्यातला दिवा आठ-आठ दिवस बंद राहतो त्याच डब्यात चढताना बाईमाणूस दोनदा विचार करते. जिथे मोडतोड खपवून घेतली जाते तिथे प्रवाशाचा जीवही फारसा जपला जात नाही. म्हणून या वेळी पाच पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजला जाताना गेल्या महिन्यात मुंब्रा आणि कळवा यांच्या दरम्यान बाहेरून आलेला दगड तिच्या शेजारी बसलेल्या बाईंच्या कपाळाला लागला. डब्यातल्या बायकांनी रुमाल दाबून रक्त थांबवले, ठाण्याला त्यांना उतरवले आणि गाडी पुढे निघून गेली. तक्रार कोणी केली की नाही, हेही मुलीला ठाऊक नाही. अशा वेळी नेमके काय करावे?
— एक पालक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : त्या बायकांनी केले ते सर्वांत आधी करण्याचेच काम होते. त्यानंतर जखमी व्यक्तीला एकटे न सोडता दोघींनी तिच्याबरोबर उतरून तिला स्टेशन मास्तरांच्या कचेरीत न्यावे. तिथे प्रथमोपचाराची पेटी असते आणि जखमीला रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. जखम लहान वाटली, तरी डोळ्याच्या आसपास किंवा डोक्याला मार असेल तर घरी जाऊन बघू, असे म्हणू नये.

दुसरे काम नोंदीचे, आणि ते हमखास राहून जाते. गाडी कोणती, डबा कितवा, दगड कोणत्या बाजूने आला आणि किती वाजता आला, एवढे लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. ठिकाण सांगताना मात्र ‘मुंब्र्याच्या पुढे’ एवढे पुरत नाही. रुळांच्या कडेला विजेच्या तारा धरून ठेवणारे जे खांब असतात, त्यांवर एकाखाली एक असे दोन आकडे रंगवलेले असतात. वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. मध्य रेल्वेवर हे अंतर मुंबईपासून मोजलेले असते, म्हणून कळव्याच्या आसपास छत्तीस-सदतीसचे आकडे दिसतात. गाडी वेगात असताना अचूक खांब वाचता येईलच असे नाही, परंतु वरचा आकडा दिसला तरी शोध एका किलोमीटरच्या पट्ट्यावर येतो. मग १३९ या रेल्वेच्या किंवा १५१२ या लोहमार्ग पोलिसांच्या क्रमांकावर फोन करून हीच माहिती द्यावी. जखम झाली नसेल, दगड नुसताच पत्र्यावर आपटला असेल, तरीही फोन करावा. गस्त कुठे घालायची हे तक्रारी कुठून येतात त्यावर ठरते, आणि ज्या दगडाची कुठेच नोंद नाही तो दगड यंत्रणेच्या दृष्टीने पडलेलाच नसतो.

हा किरकोळ गुन्हा नव्हे. प्रवाशाच्या जिवाला धोका होईल हे ठाऊक असताना गाडीवर दगड किंवा अन्य वस्तू फेकली, तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १५२ नुसार दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेपही होऊ शकते. कायदा एवढा कडक का, हे समजायला थोडे गणित पुरेसे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. समोरून येणाऱ्या गाडीवर सहज भिरकावलेल्या खड्यातही हा वेग मिळवला जातो. खिडकीचे गज त्याला अडवत नाहीत. मोटरमनच्या पुढच्या काचेवर असा दगड आला, तर त्याच्यामागे बसलेल्या आणि उभ्या असलेल्या हजारो माणसांचे काय होईल, याची कल्पनाच करवत नाही.

मात्र दगड फेकणारा पुष्कळदा दहा-बारा वर्षांचा मुलगा असतो, हेही तितकेच खरे आहे. रुळांना लागून असलेल्या वस्तीत खेळायला दुसरी जागा नसते आणि गाडीवर नेम धरणे हा त्याचा खेळ होतो. होळीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या पिशव्या आणि फुगे गाडीवर मारले जातात तेही यातूनच. होळीच्या आधी पोलीस रुळांकाठच्या वस्त्यांत जाऊन पालकांना आणि मुलांना समजावतात. हे काम वर्षातून एकदा न होता शाळांमधून बाराही महिने व्हावे, असे मला मनापासून वाटते. फुग्याने एखाद्याचा डोळा कसा जातो, हे त्या मुलाला कोणी जवळ बसवून सांगितलेलेच नसते. आपल्या ओळखीत अशा वस्तीतले शिक्षक किंवा मंडळाचे कार्यकर्ते असतील, तर त्यांच्याशी अवश्य बोला.

प्रश्न : संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये मी दाराशी उभा होतो. गाडी सिग्नलला हळू झाली तेव्हा खालून कोणीतरी काठीने हातावर फटका मारला आणि मोबाइल खाली पडला. पुढच्या स्थानकावर तक्रार द्यायला गेलो, तर एका कचेरीतून दुसरीकडे पाठवले आणि दुसरीकडे सांगितले की ही आमची हद्द नाही. दोन तास फिरून मी घरी आलो. तक्रार नेमकी कोणाकडे करायची?
— एक नोकरदार, बदलापूर

उत्तर : आपल्या हाताला फार लागले नसावे अशी आशा करतो. मुंबईत या टोळ्यांना ‘फटका गँग’ म्हणतात आणि त्यांचे तंत्र ठरलेले असते. जिथे गाडी वळणावर किंवा सिग्नलपाशी हळू होते तिथे ते खांबाच्या आडोशाला उभे राहतात आणि दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारतात. गेलेल्या मोबाइलचे दुःख असतेच, पण मला त्याहून भय वाटते ते फटक्याने तोल जाण्याचे. फटका चुकवताना किंवा मोबाइल झेलायला वाकताना गाडीखाली जाऊन माणसांनी हात-पाय आणि प्राण गमावले आहेत. म्हणून दाराशी उभे असताना मोबाइल खिशात किंवा बॅगेत असावा. दाराशी उभेच राहू नका, असे मी सांगणार नाही. संध्याकाळी दादरला बदलापूर गाडीत आत शिरायला जागा मिळते का, हे मला चांगले ठाऊक आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, ते काही हौसेने लोंबकळत नव्हते. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. ती गाडी आपल्यापर्यंत येईतो दाराच्या मधल्या दांड्याला पक्के धरणे, एवढेच आपल्या हाती आहे.

आता हद्दीबद्दल. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, हे केंद्राचे दल असून रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांचे रक्षण हे त्याचे काम आहे. चोरी, मारहाण, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांचा एफआयआर मात्र लोहमार्ग पोलीस नोंदवतात आणि ते राज्य पोलिसांचाच भाग आहेत. खाकी कपडे दोघांचेही असल्यामुळे प्रवाशाचा गोंधळ होतो, हे अगदी साहजिक आहे. तक्रार लोहमार्ग पोलीस ठाण्यातच द्यायची. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ठाणे अंमलदाराला या कलमाचा क्रमांक शांतपणे सांगावा आणि लेखी अर्जाची पोच मागावी. ‘मोबाइल हरवला’ असे लिहून देण्यास सुचवले गेले, तर ते मान्य करू नये. काठीने मारून नेलेली वस्तू हरवलेली नसते, आणि हरवल्याची नोंद झाली की गुन्हा कागदावरून नाहीसा होतो.

तक्रारीची प्रत मिळाली की दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या व्यवस्थेत मोबाइलचा आयएमईआय क्रमांक देऊन तो संच बंद करून घेता येतो. तो क्रमांक खोक्यावर आणि बिलावर छापलेला असतो. खोके टाकून देण्याची घाई करू नये.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. गाडीतून अपघाताने पडून किंवा गाडीतील लूटमारीत, हल्ल्यात प्रवाशाचा मृत्यू झाला अथवा त्याला इजा झाली, तर रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ नुसार रेल्वेची चूक सिद्ध न करताही नुकसानभरपाई मागता येते. मृत्यूसाठी ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे आणि अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. मासिक पास हाही वैध प्रवासाचा पुरावाच आहे. अपघातात तिकीट किंवा पास सापडला नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. पाळी संपवून रात्री साडेदहानंतरच्या विरार गाडीने घरी जाते. महिलांच्या डब्यात कधी पोलीस असतो, कधी नसतो. एकदा बोरिवलीनंतर डब्यात आम्ही दोघीच होतो आणि दोन पुरुष चढून निवांत बसले. आम्ही गप्प बसलो. आमचे चुकले का?
— एक परिचारिका, विरार

उत्तर : ताई, आपले काहीही चुकले नाही. महिलांसाठी राखीव डब्यात पुरुषाने शिरणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १६२ खालचा गुन्हा आहे आणि त्याला उतरवण्याचे काम पोलिसांचे आहे, दमून घरी निघालेल्या दोन बायकांचे नव्हे.

रात्रीच्या गाड्यांत महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असावा, अशी व्यवस्था मुंबईत पुष्कळ वर्षांपासून आहे. ज्या रात्री तो नसेल त्या रात्री १५१२ वर कळवावे, गाडीची सुटण्याची वेळ सांगावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पुष्कळ गाड्यांच्या महिला डब्यांत गार्डशी बोलण्याचे लाल बटण आणि कॅमेरा बसवलेला असतो. आपल्या नेहमीच्या गाडीत ते बटण कुठे आहे, हे दिवसाउजेडी एकदा पाहून ठेवावे. शक्य असेल तर पोलीस ज्या डब्यात बसतो तोच डबा रोज धरावा, भले उतरल्यावर चार पावले जास्त चालावे लागो.

आपल्या पत्रातले एक वाक्य मला फार मोलाचे वाटले. आपण लिहिले आहे की सकाळच्या गाडीत आपला ग्रुप आहे, डोहाळजेवणेही गाडीत होतात, पण रात्रीच्या गाडीत कोणी कोणाला ओळखत नाही. मला वाटते, खरी उणीव इथेच आहे. रात्री त्याच वेळेला परतणाऱ्या परिचारिका, मॉलमधल्या मुली, कॉल सेंटरमधल्या मुली यांनी एकमेकींचे फोन क्रमांक घेऊन एकाच डब्यात बसायचे ठरवले, तर आठवड्याभरात तो डबा ओळखीचा होतो. अनोळखी पुरुषाला अशा डब्यात निवांत बसता येत नाही.

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. मुक्कामाच्या गाडीत सकाळी पाहावे तर दोन सीट ब्लेडने कापलेल्या, आतला फोम उपसलेला. कॉलेजच्या फेरीत मुले पत्र्यावर खिळ्याने नावे कोरतात. बोललो तर हुज्जत घालतात, न बोललो तर वरिष्ठ विचारतात. आंदोलन झाले की पहिला दगड आमच्याच गाडीवर. यावर काही उपाय आहे का?
— एक वाहक, सातारा जिल्हा

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून ज्या एसटीने खेड्यातल्या मुलांना शाळेत आणि आजारी माणसांना तालुक्याला पोहोचवले, तिच्यावर दगड टाकणाऱ्याला आपण कोणाचे नुकसान करतो आहोत याचे भान राहत नाही. फुटलेली गाडी दुरुस्तीला गेली की दुसऱ्या दिवशी कोणत्यातरी गावची फेरी रद्द होते, आणि त्या फाट्यावर दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी घरी परतते. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान प्रतिबंध अधिनियम १९८४ नुसार असे नुकसान करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, आणि आग लावून नुकसान केले तर दहा वर्षांपर्यंत. कायद्याची उणीव नाही. गर्दीतला नेमका माणूस ओळखून त्याच्याविरुद्ध साक्ष उभी राहत नाही, ही अडचण आहे.

सीट कापण्याच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. शिक्षेपेक्षा दुरुस्ती लवकर होणे अधिक उपयोगाचे आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास तिथला जवळजवळ प्रत्येक डबा आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी भरलेला असे आणि लोक रात्री त्या गाड्यांत बसायला घाबरत. १९८४ मध्ये डेव्हिड गन यांनी सूत्रे घेतल्यावर नियम केला की स्वच्छ करून रुळावर आणलेल्या डब्यावर पुन्हा चित्र काढले गेले, तर तो डबा साफ झाल्याशिवाय प्रवाशांसाठी निघणार नाही. आपले नाव शहरभर फिरावे म्हणून रंगवणाऱ्यांची त्यातली गोडीच संपली. १२ मे १९८९ रोजी शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला गेला. आपल्याकडचा ब्लेडवाला मुलगाही पहिल्या सीटला हात लावताना थोडा कचरतो, परंतु कापलेली सीट महिनाभर तशीच दिसली की दुसरीला हात लावायला त्याला काहीच वाटत नाही.

नवी गाडी आणल्याने हा प्रश्न सुटत नाही, हे आपण मुंबई–करमळी तेजस एक्स्प्रेसच्या वेळी पाहिले. २२ मे २०१७ रोजी ती सुरू झाली, आणि पहिल्याच फेरीनंतर काही हेडफोन गायब झालेले आणि सीटमागचे टीव्हीचे पडदे खराब झालेले आढळले. त्या आधी, उद्घाटनासाठी मुंबईला येतानाच तिच्या काचांना तडे गेले होते. महागडी वस्तू बसवली की लोक आपोआप जपतील, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली.

म्हणून आपणांस सुचवतो ते असे. गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना सीट व काचांचा फोटो काढावा, म्हणजे नुकसान कोणत्या फेरीत झाले हे सांगता येते आणि आपल्यावर आळ येत नाही. मुलांशी एकट्याने हुज्जत घालू नये. कॉलेजच्या फेरीचे प्रवासी बहुतेक पासधारकच असतात आणि पासासाठी कॉलेजचा दाखला लागतो, तेव्हा आगार व्यवस्थापकांनी प्राचार्यांना फोटोसह पत्र लिहिले तर त्याला वजन येते. मुक्कामाची गाडी मंदिरामागच्या अंधारात न लावता ग्रामपंचायतीच्या दिव्याखाली उभी करू द्यावी, एवढी विनंती सरपंचांना करून पाहावी.

अंधारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचा धोका सीटपुरता नाही. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला. तेव्हा आगारांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या बंद गाड्या, अपुरे सुरक्षारक्षक आणि अपुरा उजेड यांकडे सर्वांचे लक्ष गेले. संतापलेल्या लोकांनी स्थानकातल्या सुरक्षारक्षकांच्या कचेरीच्या काचा फोडल्या. तो संताप मी समजू शकतो, परंतु त्या काचांनी त्या मुलीला काहीही मिळाले नाही. उभ्या गाडीचे दार बंद आहे ना आणि आत कोणी नाही ना, हे दर वेळी पाहणे ही आता आपल्या नोकरीतली सर्वांत महत्त्वाची तपासणी समजावी.

प्रश्न : डब्यात भांडण, छेडछाड किंवा धूर दिसल्यास साखळी ओढावी का? विनाकारण ओढल्यास शिक्षा होते असे ऐकतो, त्यामुळे कोणी पुढे होत नाही.
— एक ज्येष्ठ नागरिक, जळगाव

उत्तर : रेल्वे अधिनियमाच्या कलम १४१ नुसार पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणे हा गुन्हा आहे. जीव धोक्यात असणे, कोणी गाडीतून पडणे, स्त्रीवर हल्ला होणे, डब्यात आग लागणे ही सर्व पुरेशी कारणे आहेत आणि अशा वेळी कचरू नये. खाली पडलेला मोबाइल किंवा फलाटावर राहिलेला नातेवाईक हे पुरेसे कारण नव्हे. छेडछाड किंवा भांडण असेल आणि स्थानक दोन-चार मिनिटांवर असेल, तर आधी १३९ वर फोन करावा, म्हणजे पोलीस फलाटावर डब्यासमोरच उभे राहू शकतात.

गाडी मध्येच थांबल्यानंतर काय करावे, हे मात्र साखळीपेक्षाही महत्त्वाचे आहे, आणि आपल्या जिल्ह्याला ते नव्याने सांगायला नको. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली दहाहून अधिक माणसे गेली. धूर किंवा ज्वाळा स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नसतील तर खाली उतरू नये, शेजारच्या डब्यात सरकावे. उतरावेच लागले तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूच्या दाराने उतरावे, लहान मुलांचा हात आधी धरावा, आणि खडीवर रेंगाळत न राहता उताराच्या दिशेने रुळांपासून दूर जावे.